‘फोर्स्ड मी इंटू सायनिंग’: कुणी भाग पाडलं, हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं

लालबागला आमचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग भरतो. साडेसातला माणसं थेट कामावरून येतात, रिकामा डबा पिशवीतच असतो. गेल्या पावसाळ्यात वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. अंधेरीच्या एका ऑफिसात ती तीन वर्षं कामाला होती. दोन दिवसांपूर्वी तिला मीटिंग रूममध्ये बोलावून घेतलं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर तिच्या राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप करून ठेवलेला होता. ‘आत्ता पाठवलास तर अनुभवाचं पत्र मिळेल, नाहीतर विसर,’ असं तिला सांगितलं. तिनं पाठवला. आता तिला वरच्या साहेबांना मेल करायचा होता, आणि त्यात तिनं लिहिलं होतं, ‘एचआर थ्रेटन्ड टू रिझाइन.’

मी ते वाक्य दोनदा वाचलं. तिच्या मनात होतं, ‘एचआरनं धमकी देऊन मला राजीनामा द्यायला लावला.’ वाचणाऱ्याला मात्र कळणार होतं की एचआरनंच ‘मी राजीनामा देईन’ अशी धमकी दिली. नोकरी तिची गेली होती आणि वाक्यात राजीनामा भलत्याचाच लिहिला गेला होता.

त्या रात्री आम्ही तो मेल नीट केला. त्यानंतर हा विषय मी वर्गात दोन-तीनदा सविस्तर घेतला, कारण ही चूक तिच्या एकटीची नाही. चांगले शिकलेले लोकही जबरदस्तीबद्दल इंग्रजीत लिहायला बसले की नेमके इथेच अडखळतात. या लेखात मी ‘फोर्स समवन इंटू समथिंग’, म्हणजे कुणाला काहीतरी करायला भाग पाडणं, ही एकच रचना आणि तिची भावंडं घेणार आहे. हा एक साचा हातात बसला की पंधरा-वीस क्रियापदं त्याच साच्यात ओतता येतात.

आधी आपल्या भाषेत बघू

मराठीत दबावाबद्दल बोलताना आपल्याला शब्द शोधावे लागत नाहीत. सही करायला लावली. सही करायला भाग पाडलं. खनपटीला बसून सही घेतली. भरीस घालून सही करवून घेतली. भिडेखातर सही केली. नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी कागदावरची सही तीच असते, पण दाबाची जात वेगळी असते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच समजते.

घोटाळा होतो तो ‘लावणे’ या क्रियापदामुळे. ते फार मोकळं क्रियापद आहे. आईनं अभ्यासाला बसायला लावलं, हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली, सावकारानं घर विकायला लावलं, सगळीकडे तेच चालतं. इंग्रजीत त्याला सर्वांत जवळचं आहे ‘मेक’. ‘शी मेड मी साइन.’ इथे ‘साइन’च्या आधी ‘टू’ येत नाही. वाक्य उलटवलं, म्हणजे ‘मला सही करायला लावली गेली’ असं केलं, की मात्र ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू साइन.’ हे एवढं पाठच करा, त्याला दुसरा उपाय नाही.

पण ‘मेड’ हा शब्द दाब कसा होता ते सांगत नाही. ते सांगायचं असेल तर ‘इंटू’कडे यावं लागतं.

‘इंटू’ म्हणजे डब्याच्या आत

संध्याकाळी दादरला विरार फास्ट लागते तेव्हा दाराजवळची माणसं स्वतःहून चढत नाहीत, मागची गर्दी त्यांना चढवते. फलाटावर दोन्ही पाय टेकलेले असतात, खांद्यामागून रेटा येतो, आणि पुढच्या क्षणी आपण आत पंख्याखाली उभे असतो. पिशवी कुठेतरी मागे अडकलेली, पण आपण आत. गाडी सुटते.

आता दोन वाक्यं बघा. ‘आय वॉज पुश्ड टुवर्ड्स द ट्रेन.’ रेटा आला खरा, पण मी कदाचित अजून फलाटावरच असेन. ‘आय वॉज पुश्ड इंटू द ट्रेन.’ इथे शंका उरत नाही, मी डब्यात आहे.

जबरदस्तीच्या वाक्यातला ‘इंटू’ हाच आहे. ट्रेनच्या जागी एखादं कृत्य येतं, बाकी चित्र तसंच राहतं. माणूस बाहेर होता, त्याला आत जायचं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी रेटलं आणि तो आत गेला. ‘दे पुश्ड मी इंटू सायनिंग’ म्हणजे त्यांनी रेटलं आणि सही झालीसुद्धा. मराठीत हे आपण ‘सही करायला भाग पाडलं’मधल्या ‘पाडलं’वर सोपवतो. इंग्रजीत ते काम हा दोन अक्षरी ‘इंटू’ करतो.

हे नीट समजलं की पुढचा, सगळ्यात महत्त्वाचा फरक दिसायला लागतो:

‘दे प्रेशर्ड मी टू साइन.’
‘दे प्रेशर्ड मी इंटू सायनिंग.’

पहिल्या वाक्यात ‘सही कर’ म्हणून दबाव आणला, एवढंच कळतं. सही केली की नाही, ते वाक्य सांगत नाही. दुसऱ्यात दबाव आला आणि सही झाली. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘बट आय डिडन्ट’, म्हणजे ‘पण मी केली नाही’, असं जोडून बघायचं. पहिल्याला ते सहज जोडता येतं. दुसऱ्याला जोडलं की वाक्य स्वतःशीच भांडायला लागतं.

‘फोर्स’ या क्रियापदात हा फरक इतका उरत नाही. ‘फोर्स्ड मी टू साइन’ म्हटलं तरी सही झाली आणि ‘फोर्स्ड मी इंटू सायनिंग’ म्हटलं तरी झाली, कारण ‘फोर्स’मध्येच परिणाम भरलेला आहे. माझ्या कानाला ‘इंटू’वाल्या वाक्यात माणसाला कोपऱ्यात घेतल्याची भावना थोडी जास्त ऐकू येते, पण दोन्ही बरोबर. ‘प्रेशर’च्या बाबतीत मात्र ‘टू’ की ‘इंटू’ यावर तुमच्या तक्रारीचा अर्थ ठरतो, म्हणून तिथे घाई करू नका.

वाक्य बांधताना

पहिला टप्पा: गोष्ट घडून गेली, चालू आहे, की टळली, हे स्वतःला विचारा. पेन उचलण्याआधी विचारा. घडून गेली असेल तर ‘दे फोर्स्ड मी इंटू सायनिंग.’ अजून दबाव चालू आहे आणि तुम्ही सही केलेली नाही, तर ‘दे आर ट्राइंग टू फोर्स मी इंटू सायनिंग.’ इथे ‘ट्राइंग टू’ विसरलात तर तुम्ही सही करून बसलात असा अर्थ निघायची भीती आहे. टळली असेल तर ‘दे ट्राइड टू फोर्स मी इंटू सायनिंग, बट आय रिफ्यूज्ड.’

दुसरा टप्पा: ज्याच्यावर जबरदस्ती झाली तो माणूस क्रियापदाला चिकटून येतो, मध्ये काहीही येत नाही. आपण मराठीत ‘माझ्यावर जबरदस्ती केली’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘फोर्स्ड ऑन मी’ लिहितो. ‘मला भाग पाडलं’मधल्या ‘ला’मुळे ‘फोर्स्ड टू मी’ लिहिलं जातं. दोन्ही चूक. ‘फोर्स्ड मी’, ‘फोर्स्ड हर’, ‘फोर्स्ड माय फादर’, इतकं सरळ. ‘ऑन’ची जागा वेगळी आहे. तिथे रेटली जाते ती वस्तू किंवा जबाबदारी, माणूस नव्हे. ‘दे फोर्स्ड द नाइट शिफ्ट ऑन मी’ म्हणजे नाइट शिफ्ट माझ्या गळ्यात मारली. गळ्यात मारणं, माथी मारणं असं मराठीत आलं की ‘ऑन’. भाग पाडणं आलं की ‘इंटू’.

तिसरा टप्पा: ‘इंटू’नंतर क्रियापदाला ‘इंग’ लावायचं. ‘इंटू साइन’ नाही, ‘इंटू सायनिंग’. ‘इंटू रिझाइन’ नाही, ‘इंटू रिझायनिंग’. ‘टू’नंतर साधं रूप यायची सवय असते आणि ‘इंटू’च्या पोटात ‘टू’ दिसतो, म्हणून बोट घसरतं. क्रियापदाऐवजी नामही चालतं: ‘फोर्स्ड इंटू मॅरेज’, ‘फोर्स्ड इंटू रिटायरमेंट’, ‘फोर्स्ड इंटू सायलेन्स’.

चौथा टप्पा क्रियापद निवडण्याचा. त्याला खाली स्वतंत्र जागा दिली आहे, कारण खरं काम तिथेच आहे.

पाचवा टप्पा: कुणी केलं ते लिहायचं की नाही. ‘आय वॉज फोर्स्ड इंटू सायनिंग’ हे पूर्ण वाक्य आहे, पण त्यात करणारा दिसत नाही. आपल्याकडे घाबरलेला माणूस नेमकं असंच लिहितो, कारण नाव लिहायला हात धजत नाही. तक्रारीच्या पत्रात हे वाक्य अर्धवट राहतं. ‘बाय’ लावून पुढे नाव किंवा हुद्दा लिहा. नाव लिहायचंच नसेल तर तेही चालेल, पण तो निर्णय तुमचा असावा, वाक्याच्या ओघात आपोआप झालेला नसावा.

‘थ्रेटन’चा खड्डा

पुन्हा त्या मुलीच्या वाक्याकडे येते. ‘थ्रेटन’नंतर ‘टू’ आला की पुढचं काम धमकी देणाराच करणार असतो. ‘ही थ्रेटन्ड टू कॉल द पोलीस’ म्हणजे ‘मी पोलीस बोलावीन’ असं तो म्हणाला. त्यामुळे ‘एचआर थ्रेटन्ड टू रिझाइन’मध्ये राजीनामा एचआरचा. मध्ये ‘मी’ घालून ‘थ्रेटन्ड मी टू रिझाइन’ असं लिहिलं तरी भागत नाही, कारण ही रचना इंग्रजीत बसतच नाही. ‘मला राजीनामा द्यायची धमकी दिली’ हे आपल्याकडे सहज बोललं जातं, त्याचंच ते थेट उतरलेलं रूप आहे.

दोन सरळ वाटा आहेत. एक, ‘दे थ्रेटन्ड मी इंटू रिझायनिंग.’ धमकी दिली आणि राजीनामा घेतला. दुसरी, धमकी काय होती तेच सांगायचं: ‘दे थ्रेटन्ड टू विदहोल्ड माय एक्सपीरियन्स लेटर इफ आय डिड नॉट रिझाइन.’ राजीनामा दिला नाहीस तर अनुभवाचं पत्र अडवून ठेवू, अशी धमकी दिली. मला दुसरी वाट जास्त पटते. ‘धमकी दिली’ या शब्दावर वाद घालता येतो. काय म्हणाले ते तारखेसकट लिहिलं की वाद घालणाऱ्याला आधी त्या गोष्टीला उत्तर द्यावं लागतं.

दाबाची जात ओळखून क्रियापद निवडा

धाक, सत्ता किंवा जोर वापरून दुसरा रस्ताच ठेवला नाही, तर ‘फोर्स’. त्याचंच औपचारिक रूप ‘कोअर्स’. उच्चार ‘को-अर्स’ असा दोन तुकड्यांत करायचा. पत्रात, तक्रारीत, वकिलाच्या नोटिशीत हा शब्द शोभतो. घरी बोलताना तो जड वाटतो.

हुद्द्याचा, वेळेचा, सततच्या फोनचा दाब असेल तर ‘प्रेशर’. दमदाटी असेल तर ‘बुली’: ‘ही बुलीड अस इंटू अग्रीइंग.’ गुपित फोडण्याची भीती घातली तर ‘ब्लॅकमेल’. घाबरवून केलं तर ‘स्केअर’ किंवा ‘फ्रायटन’. फसवून केलं तर ‘ट्रिक’. इथे जबरदस्ती नसते, माणूस स्वतःहून सही करतो पण खोट्या माहितीवर. ज्येष्ठ नागरिकांकडून ओटीपी काढून घेतला जातो ते ‘ट्रिक्ड इंटू शेअरिंग द ओटीपी’. तिथे ‘फोर्स्ड’ लिहू नका, कारण त्यामुळे घडलेली गोष्टच बदलते.

खनपटीला बसणे याला इंग्रजीत फार चांगला शब्द आहे, ‘बॅजर’. रोज विचारायचं, जाता-येता विचारायचं, जेवताना विचारायचं, शेवटी माणूस कंटाळून हो म्हणतो. ‘दे बॅजर्ड माय मदर इंटू सेलिंग हर जुवेलरी.’ घरातल्या घरात, मुलानं बाबांकडून सायकल मिळवली असं हलकं सांगायचं असेल तर ‘नॅग’.

भरीस घालणे, बोलून बोलून तयार करणे, याला ‘टॉक’. ‘माय फ्रेंड टॉक्ड मी इंटू जॉइनिंग द ट्रेक.’ यात जबरदस्ती नाही, नुसतं मन वळवणं आहे. हा शब्द गोड आहे आणि म्हणूनच तक्रारीत तो धोक्याचा ठरतो. ज्याला खरोखर धमकावलं गेलं त्यानं ‘टॉक्ड मी इंटू’ लिहिलं तर वाचणारा म्हणेल, तुम्हाला पटवून दिलं आणि तुम्हाला पटलं, मग तक्रार कसली?

‘रोप’ म्हणजे दोर. ओळखीच्या माणसाला प्रेमानं ओढून कामाला जुंपणं. गणपतीच्या दिवसांत ‘जरा येऊन जा’ म्हणून मंडळात बोलावतात आणि दहा दिवस प्रसादाच्या रांगेवर उभं करतात, ते ‘रोप्ड मी इंटू हेल्पिंग’. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘रोप्ड इन’ हा शब्द अमुक नटाला चित्रपटात घेतलं, तमुक तज्ज्ञाला समितीत घेतलं, अशा साध्या अर्थानं सारखा येतो. बाहेरच्या वाचकाला त्यात थोडी ओढाताण ऐकू येते. मुलाखतीच्या अर्जात ‘आय वॉज रोप्ड इन फॉर धिस प्रोजेक्ट’ असं लिहिण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

आता ‘भीड’. हा शब्द आला की मी फळ्यासमोर थांबते. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपण म्हणतो, कारण भिडेखातर माणूस आपलं नुकसान करून घेतो. समोरच्यानं धमकी दिलेली नसते, आवाजही चढवलेला नसतो. मामांनी जामीनदार व्हायला सांगितलं, आणि मामांना नाही कसं म्हणायचं? इंग्रजीत जवळपास जाणारे ‘शेम’ आणि ‘गिल्ट’ आहेत. ‘दे शेम्ड मी इंटू पेइंग’ म्हणजे लाज काढून पैसे द्यायला लावले. ‘दे गिल्टेड मी इंटू पेइंग’ म्हणजे अपराधी वाटायला लावून. ‘गिल्ट’ हा शब्द बोलण्यातला आहे, पत्रात नको. पण भीड यापेक्षा वेगळी. तिच्यात दुसऱ्यानं काही केलेलंच नसतं, नात्याचं वजनच पुरेसं असतं. म्हणून भिडेसाठी ‘इंटू’ची रचना शोधत बसू नका, साधं सांगा: ‘ही इज माय अंकल. आय कुड नॉट से नो.’ एवढ्यात सगळं येतं.

शेवटी इतिहासाच्या पोटातून आलेली चार क्रियापदं. ‘रेलरोड’ म्हणजे विचार करायला उसंत न देता रुळावरून गाडी न्यावी तसं भरधाव नेणं. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय सगळ्यात शेवटी येतो, साडेदहा वाजलेले असतात, म्हातारी माणसं जांभया देत असतात, कागद हातात न देता ‘हात वर करा’ म्हणतात आणि ठराव मंजूर होतो. ‘द मेंबर्स वेअर रेलरोडेड इंटू अप्रूव्हिंग द प्लॅन.’ याहून अचूक शब्द मला माहीत नाही.

‘बुलडोझ’चं मूळ अनेकांना उलटं वाटतं. पाडकामाचं यंत्र आधी आणि क्रियापद नंतर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शब्द आधीचा आहे. अमेरिकेत १८७६च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण करून, धाक घालून दहशतीत ठेवत, त्याला हा शब्द होता. यंत्राला ते नाव पुढे मिळालं. ‘ड्रॅगून’ हे घोड्यावरून जाणाऱ्या सैनिकांचं नाव. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८१पासून प्रोटेस्टंट कुटुंबांच्या घरांत हे सैनिक मुक्कामाला घालत. घरच्यांनी त्यांना पोसायचं आणि त्यांचा जाच सोसायचा, कंटाळून धर्म बदलेपर्यंत. त्यावरून ‘ड्रॅगून समवन इंटू डुइंग’. ‘प्रेस-गँग’ म्हणजे ब्रिटिश आरमारासाठी बंदरांतून माणसं पकडून नेणाऱ्या टोळ्या. त्यातला ‘प्रेस’ दाबण्यातला नव्हे, भरतीच्या वेळी हातावर ठेवायच्या विसाराच्या जुन्या नावावरून तो आला आहे. हे शब्द वाचताना ओळखू यावेत एवढ्यासाठी सांगितले. तुमच्या पत्रात ‘फोर्स’ आणि ‘प्रेशर’ पुरे.

परिस्थितीनं भाग पाडलं तर

माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि तो कधी मिटलाच नाही. दोन वर्षांनी आम्ही लालबागची खोली विकली. ‘आम्हाला खोली विकावी लागली’ हे मी इंग्रजीत पहिल्यांदा लिहिलं तेव्हा लिहिलं होतं, ‘वी वेअर फोर्स्ड इंटू सेलिंग अवर रूम.’ व्याकरणात चूक नाही. पण त्यात कुणीतरी माणूस उभा राहून रेटत होता असं वाटतं, आणि आमच्या बाबतीत दारात कुणी उभं नव्हतं, फक्त घरात पगार नव्हता. अशा ठिकाणी ‘वी वेअर फोर्स्ड टू सेल’ किंवा नुसतं ‘वी हॅड टू सेल’ हे जास्त खरं. ‘इंटू’च्या मागे बहुधा एखादा माणूस असतो. ‘फोर्स्ड इंटू हायडिंग’, ‘फोर्स्ड इंटू एक्झाइल’ असे काही ठरलेले प्रयोग सोडले, तर परिस्थितीसाठी ‘टू’ घ्या.

दिसायला सारखे, अर्थानं वेगळे

‘आउट ऑफ’ हा ‘इंटू’चा उलट रस्ता. ‘शी टॉक्ड मी आउट ऑफ रिझायनिंग’, म्हणजे मी राजीनामा देणार होते, तिनं समजावून थांबवलं. ‘ही वॉज फोर्स्ड आउट ऑफ हिज रूम’, म्हणजे त्याला खोलीतून हुसकावलं.

दबावाला बळी पडणं म्हणजे ‘गिव्ह इन’. इथे ‘इन’ आणि ‘टू’ सुटे लिहायचे: ‘शी गेव्ह इन टू द प्रेशर.’ ‘इन’ हा ‘गिव्ह’चा आणि ‘टू’ हा ‘प्रेशर’चा. दोघांना जोडून टाकणं ही फार दिसणारी चूक आहे, छापील मजकुरातही दिसते. आपल्या रचनेतला ‘इंटू’ मात्र नेहमी एकच शब्द.

आणि ‘कम इंटू फोर्स’ याचा जबरदस्तीशी काही संबंध नाही. कायदा लागू होणं, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ला ‘केम इंटू फोर्स’.

कागदावर हे शब्द वजनदार होतात

कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्यावा, मी फक्त शब्दांपुरतं बोलते. १८७२च्या भारतीय करार कायद्यात कलम १४ मोकळ्या संमतीबद्दल आहे, आणि संमती मोकळी नसण्याची कारणं पुढच्या कलमांत एकेक करून सांगितली आहेत. कलम १५मधला ‘कोअर्शन’ म्हणजे दंडविधानानं मनाई केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं, किंवा कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं वा तशी धमकी देणं, आणि तेही करार करवून घेण्याच्या हेतूनं. कलम १६मधला ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ वेगळा. तिथे एकाची दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालेल असं दोघांचं नातं असतं आणि त्याचा गैरवाजवी फायदा घेतलेला असतो.

म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘कोअर्स’ सैल आहे आणि कायद्यातला ‘कोअर्शन’ काटेकोर. साहेबांनी आठवडाभर फोन करून सही घेतली असेल तर ‘प्रेशर्ड’ लिहा आणि फोनच्या तारखा लिहा. जे घडलं त्याहून जड शब्द लिहिला तर समोरचा त्या एका शब्दावर बोट ठेवून सगळं पत्र खोटं ठरवू बघतो. घडलं त्याहून हलका लिहिला तर तुमचंच म्हणणं दुबळं होतं. याच कायद्यात करार करण्याला ‘एन्टर इंटू ॲन ॲग्रीमेंट’ म्हणतात. तिथेही ‘इंटू’च. करारात माणूस शिरतो, आणि तो स्वतःच्या पायानं शिरला की कुणी रेटला, यावर पुढचं ठरतं.

तो मेल

लालबागच्या त्या वर्गात शेवटचा दिवा ठेवून आम्ही दोघी बसलो. मी तिला एकच नियम घातला: आधी काय घडलं ते लिही, क्रियापद शेवटी. वाचणारा आपोआप त्या शब्दापर्यंत आला पाहिजे. तिनं सावकाश, शब्द उच्चारत उच्चारत टाइप केलं:

‘ऑन मंडे इव्हनिंग आय वॉज कॉल्ड इंटू द मीटिंग रूम. द रेझिग्नेशन लेटर हॅड ऑलरेडी बीन टाइप्ड. आय वॉज टोल्ड दॅट आय वुड नॉट गेट माय एक्सपीरियन्स लेटर इफ आय डिड नॉट सेंड इट. आय आस्क्ड फॉर वन डे टू थिंक. धिस वॉज रिफ्यूज्ड. आय वॉज प्रेशर्ड इंटू रिझायनिंग.’

पहिल्या वाक्यातला ‘इंटू’ खोलीच्या दारातला होता, शेवटच्यातला राजीनाम्याचा. तिच्या ते लक्षात आलं, ती म्हणाली, ‘मॅडम, दोन्हीकडे मला आतच घेतलंय.’ मग तिनं शेवटचं वाक्य परत वाचलं. पूर्णविराम पुसला. ‘बाय’ टाइप केलं, थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, आणि पुढे त्या दोघांचे हुद्दे लिहिले.